इंग्लंडमधली शाळा: मार्कांच्या आधी तारखा

दर उन्हाळ्यात असा एक तरी फोन येतोच. "ऑगस्टमध्ये रेडिंगला येतोय आम्ही. मुलगी तिसरीत आहे. एखादी चांगली शाळा सुचव ना, फीचं बघू काहीतरी." मी शाळेचं नाव सांगत नाही. आधी विचारते, जन्मतारीख काय? आणि घर कुठे घेताय? समोरचा गोंधळतो, कारण आपल्याकडे शाळा मिळते ती डोनेशन, मुलाखत किंवा ओळखीवर. इथल्या सरकारी शाळेत फी नसते, प्रवेशाला मुलाखत नसते आणि ओळख कामाला येत नाही. जन्मतारीख, पत्ता आणि अर्जाची शेवटची तारीख या तीन गोष्टींवर सगळं चालतं. बारा वर्षांत दोन मुलं या यंत्रणेतून नेताना मी यातल्या दोन तारखा चुकवल्या आहेत. तुम्ही चुकवू नये म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. 'ब्रिटिश शिक्षणपद्धती' असं आपण म्हणतो खरं, पण इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचा शिक्षणाचा कारभार वेगवेगळा आहे. मी सांगते ते इंग्लंडपुरतं. एडिंबरा किंवा ग्लासगोला नोकरी लागली असेल तर तिथे जीसीएसई (सोळाव्या वर्षीची, आपल्या दहावीसारखी परीक्षा) आणि ए-लेव्हलऐवजी (अठराव्या वर्षीची, बारावीसारखी) 'नॅशनल ५' आणि 'हायर' असतात, शाळा ऑगस्टमध्येच सुरू होते आणि पदवी साधारण चार वर्षांची असते.

पायरी पहिली: मुलाचं 'इयर' काढा

इथे वर्ग जन्मतारखेवरून ठरतो आणि वर्ष मोजतात ते १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं. चार वर्षं पूर्ण झाली की येणाऱ्या सप्टेंबरात मूल 'रिसेप्शन'ला जातं. त्यानंतर इयर १, इयर २ असं करत इयर १३ पर्यंत. रिसेप्शन ते इयर ६ म्हणजे प्रायमरी, इयर ७ ते ११ सेकंडरी आणि इयर १२-१३ म्हणजे 'सिक्स्थ फॉर्म'. कायद्याने शाळा सक्तीची होते ती पाच वर्षं पूर्ण झाल्यानंतरच्या टर्मपासून, पण जवळपास सगळेच रिसेप्शनपासून पाठवतात. तुम्हीही पाठवा. जागा तेव्हाच भरतात.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी माझा ढोबळ हिशोब असा: आपली इयत्ता अधिक एक. पहिलीतलं मूल इयर २ मध्ये, दहावीतलं इयर ११ मध्ये. मात्र मुलाचा जन्म सप्टेंबर ते डिसेंबरमधला असेल तर बहुतेकदा इयत्ता आणि इयरचा आकडा एकच येतो. तिसरीतली मुलगी इयर ४ मध्ये गेली म्हणून आजी खूश होते, "एक वर्ष वाचलं!" वाचलेलं काही नसतं. तिच्या वर्गातली सगळी मुलं तिच्याच वयाची असतात. याची दुसरी बाजूही आहे. "इंग्रजी कच्चं आहे, एक वर्ष खाली बसवा" अशी विनंती शाळा सहसा मान्य करत नाही, आणि नापास करून त्याच वर्गात ठेवणं हा प्रकार जवळपास नाहीच. भाषेसाठी वर्गातच मदत मिळते. लहान मुलं सहा महिन्यांत बोलायला लागतात आणि वर्षभरात तुमचेच उच्चार सुधारू लागतात.

पायरी दुसरी: पत्ता, मग कौन्सिल, मग शाळा

नव्याने येणाऱ्यांचा सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

रिसेप्शन किंवा इयर ७ ला मुलं नव्याने घेतात तेव्हा अर्ज तुम्ही राहता त्या भागाच्या कौन्सिलकडे, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेकडे करायचा असतो. रिसेप्शनसाठी शेवटची तारीख १५ जानेवारी आणि निकाल १६ एप्रिलला. सेकंडरीसाठी ३१ ऑक्टोबर आणि निकाल १ मार्चला. निकालाची तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी. म्हणजे सप्टेंबरात शाळेत बसणाऱ्या मुलाचा अर्ज आदल्या जानेवारीत किंवा त्याआधीच्या ऑक्टोबरात गेलेला असतो. तुम्ही ऑगस्टमध्ये उतरता तेव्हा तो खेळ संपलेला असतो.

मग काय करायचं? 'इन-इयर ॲडमिशन'. वर्षाच्या मधे येणाऱ्यांसाठी हा वेगळा अर्ज असतो. काही भागांत तो कौन्सिलकडे करायचा, काही ठिकाणी थेट शाळेकडे. घराचा भाडेकरार झाला की त्याच दिवशी कौन्सिलच्या साइटवर जा. अर्जाचं उत्तर शाळेच्या १५ दिवसांच्या आत यायला हवं. जवळची शाळा भरलेली असेल तर लांबची मिळते. रिसेप्शन, इयर १ आणि इयर २ च्या वर्गात एका शिक्षकामागे ३० च मुलं, असा कायदा आहे, त्यामुळे एकतिसाव्या मुलासाठी कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग होत नाही. आम्हाला पहिल्यांदा मिळालेली शाळा दोन बस बदलून होती. मी रडले, मग 'वेटिंग लिस्ट'मध्ये नाव टाकलं, आणि चौथ्या महिन्यात घरामागच्या शाळेतून फोन आला. इथली माणसं सतत घरं बदलतात, जागा रिकाम्या होत राहतात. शिवाय मिळालेली जागा कायद्याने ठरलेल्या अंतरापेक्षा लांब असेल आणि जवळ दुसरी शाळा नसेल, तर कौन्सिल प्रवासाचा खर्च करते. हे अंतर आठ वर्षांखालच्या मुलांना दोन मैल आणि मोठ्यांना तीन मैल.

जागांपेक्षा अर्ज जास्त आले की कुणाला आधी घ्यायचं याचे नियम प्रत्येक शाळा छापते. सरकारी देखरेखीखालची मुलं पहिली, मग भावंडं त्याच शाळेत असलेली, मग 'कॅचमेंट' म्हणजे ठरलेल्या परिसरातली, आणि शेवटी घर ते शाळा अंतर, असा साधारण क्रम. चर्चच्या शाळांत धर्माचा निकष असू शकतो, पण अशा बऱ्याच शाळांत हिंदू मुलंही असतात, घाबरून नाव गाळू नका. गेल्या वर्षी किती अंतरापर्यंतच्या मुलांना जागा मिळाली तो आकडा कौन्सिल प्रसिद्ध करतं. घर बघायला जाताना तो आकडा खिशात असू द्या. घराचं भाडं का जास्त आहे, याचं उत्तर बहुतेकदा त्यातच असतं.

अर्जात शाळांचा पसंतीक्रम मागतात. तुम्ही कुणाला पहिली पसंती दिलीत हे शाळेला कळत नाही, त्यामुळे डावपेच न करता खरी आवड क्रमाने लिहा. मात्र शेवटची एक शाळा अशी ठेवा जिथे जागा मिळण्याची खात्री आहे. एकच नाव लिहून "दुसरी नकोच" असा हट्ट धरणाऱ्यांना कौन्सिल उरलेल्या जागांतून कुठलीही शाळा देतं. कुणा मित्राचा पत्ता लावायचा विचार तर मनातही आणू नका. कौन्सिल टॅक्सची बिलं तपासतात आणि मिळालेली जागा काढूनही घेतात.

'चांगली शाळा' कशी ओळखायची? ऑफस्टेड ही सरकारी तपासणी संस्था शाळांचे अहवाल देते. पूर्वी 'आउटस्टँडिंग', 'गुड' असा एका शब्दाचा शेरा असायचा. तो सप्टेंबर २०२४ पासून बंद झाला आणि आता वेगवेगळ्या बाबींवर वेगवेगळे शेरे असलेलं रिपोर्ट कार्ड आलं आहे. जुने 'आउटस्टँडिंग'चे फलक अजूनही कुंपणावर दिसतात, खाली वर्ष कोणतं आहे ते बघा. माझा सल्ला, अहवाल वाचा आणि मग दुपारी तीन-सव्वातीनला शाळेच्या फाटकापाशी दहा मिनिटं उभं राहा. बाहेर पडणारी मुलं आणि घ्यायला आलेले आईबाप बघून बरंच कळतं.

आणि हो, 'पब्लिक स्कूल' म्हणजे सरकारी शाळा नव्हे. ईटन, हॅरो यांसारख्या जुन्या, महागड्या खाजगी शाळांना इथे पब्लिक स्कूल म्हणतात. सरकारी शाळा ती 'स्टेट स्कूल'. खाजगी शाळांच्या फीवर जानेवारी २०२५ पासून २० टक्के व्हॅटही लागतो. व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी भत्त्यांचा हक्क नाही) लिहिलेलं बघून काहीजण स्टेट स्कूललाही बिचकतात. बिचकू नका, शाळा त्यात मोडत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांना नर्सरीचे आठवड्याला १५ तासही मिळतात. नोकरदारांच्या ३० तासांसाठी मात्र आईवडिलांपैकी एकाला तरी पब्लिक फंड्सचा हक्क लागतो.

प्रायमरीचे दिवस

पहिल्या दिवसासाठी लागतं ते असं: साधा युनिफॉर्म (लोगो नसलेली पँट-पिनाफोर सुपरमार्केटमध्ये स्वस्त मिळते), पीईचे कपडे, पाण्याची बाटली आणि सगळ्यावर नाव. स्वेटरवर नाव नसेल तर तो आठवडाभरात हरवतो. रिसेप्शन ते इयर २ ला शाळेचं जेवण सगळ्यांना फुकट असतं. लंडनमध्ये सध्या सगळ्या स्टेट प्रायमरी मुलांना.

डबा देणार असाल तर शेंगदाणे विसरा. बहुतेक शाळा 'नट-फ्री' असतात, म्हणजे दाण्याची चटणी, चिक्की, कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, सगळं बाद. संक्रांतीला वर्गात तिळगूळ वाटण्याचा उत्साहही आवरा, तीळही ॲलर्जीच्या अधिकृत यादीत आहे. माझ्या मुलाच्या डब्यात एकदा दाण्याचा लाडू गेला होता. त्या दिवशीचा फोन मला अजून आठवतो.

अभ्यास म्हणाल तर सुरुवातीला फार नाही, आणि आपल्याला ते सहन होत नाही. रोज दहा मिनिटं पुस्तक मोठ्याने वाचून घ्यायचं आणि वहीत सही करायची, एवढंच. पण ते खरंच करा, शिक्षक वही बघतात. वाचन 'फोनिक्स'ने शिकवतात, अक्षराचं नाव नाही, त्याचा आवाज. बाराखडी शिकलेल्या माणसाला हे सोपं जायला हवं. घरी 'ए फॉर ॲपल' घोकून घेऊ नका, मूल गोंधळतं. इयर १ च्या जूनमध्ये ४० शब्द वाचायची छोटी चाचणी होते, त्यातले निम्मे शब्द मुद्दाम निरर्थक असतात. इयर ४ मध्ये पाढ्यांची: १२ पर्यंत, २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद. इथे आपली मुलं चमकतात, आजोबांना व्हिडिओ कॉलवर लावून द्या.

इयर ६ च्या मेमध्ये 'सॅट्स' होतात, वाचन, व्याकरण आणि गणित. १०० गुण म्हणजे अपेक्षित पातळी. यांचा सेकंडरी प्रवेशाशी काही संबंध नाही, कारण जागा मार्चमध्येच ठरलेली असते. तेव्हा शिकवण्या लावून मुलाला पिळू नका. वर्गात नंबर नसतो. 'पेरेंट्स ईव्हनिंग'ला दहा मिनिटं मिळतात, त्यात "कितवा आहे?" विचारलंत तर शिक्षिका गोड हसतात आणि मूल किती दयाळू आहे ते सांगतात.

सुट्ट्यांचं मात्र कडक आहे. टर्म चालू असताना भारतात गेलात, परवानगी नसताना दहा आठवड्यांत शाळेचे पाच दिवस बुडाले, तर दंड होऊ शकतो: एका मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड, २१ दिवसांत न भरल्यास १६०. दोन मुलं, आई-बाबा, म्हणजे सुरुवातच ३२० पासून. चुलतभावाचं लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे हे कारण मुख्याध्यापकांना पटवायचा प्रयत्न मी केलेला आहे. पटत नाही. तिकिटं ख्रिसमसच्या सुट्टीत महाग का असतात, ते यावरून समजून घ्या.

वयाचं अकरावं वर्ष: ग्रामरचा मोह

बहुतेक सेकंडरी शाळा 'कॉम्प्रिहेन्सिव्ह', म्हणजे परीक्षेविना सगळ्यांना घेणाऱ्या. पण १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतरच्या व्यवस्थेतून उरलेल्या १६३ ग्रामर शाळा इंग्लंडमध्ये आजही आहेत. त्या फुकट आहेत, पण 'इलेव्हन प्लस' परीक्षा पास व्हावी लागते. केंट, बकिंगहॅमशायर, लिंकनशायर, स्लाव, सटन ही त्यांची ठिकाणं. रेडिंगमध्येही दोन आहेत. आपली मंडळी बरोबर त्याच गावांत का जमतात, हा योगायोग नाही.

परीक्षा इयर ६ च्या सप्टेंबरात असते, पण नाव नोंदवायचं ते इयर ५ संपण्याआधी. माझी चुकलेली पहिली तारीख हीच. शाळा आठवण करून देत नाही, आपल्यालाच त्या ग्रामरच्या साइटवर बघावं लागतं. निकाल ऑक्टोबरात, ३१ तारखेच्या अर्जाआधी येतो. पास झाला म्हणजे जागा मिळाली असं नाही, काही ठिकाणी त्यानंतर पुन्हा अंतर मोजतात. दोन-दोन वर्षं क्लास लावणारी घरं मी पाहिली आहेत. मुलाला कोडी सोडवायला मनापासून आवडत असेल तर जरूर बसवा. नसेल तर चांगल्या कॉम्प्रिहेन्सिव्हजवळ घर बघा, स्वस्त पडेल.

जीसीएसई

इयर ७ ते ९ मध्ये सगळे विषय असतात. इयर ९ मध्ये, काही शाळांत इयर ८ मध्येच, 'ऑप्शन्स' निवडायचे. इंग्रजी, गणित, विज्ञान सगळ्यांना, बाकीचे तीन-चार आवडीने: इतिहास, भूगोल, स्पॅनिश, कॉम्प्युटर सायन्स, चित्रकला. परीक्षा इयर ११ च्या मे-जूनमध्ये. श्रेणी ९ ते १, त्यात ९ सर्वांत वरची. ४ म्हणजे साधं पास, ५ म्हणजे ठणठणीत पास. इंग्रजी किंवा गणितात ४ पेक्षा कमी मिळाले तर पुढे शिकत असेपर्यंत तो विषय सोडता येत नाही.

गुजराती, पंजाबी, बंगाली आणि उर्दू या भाषा जीसीएसईला घेता येतात, मराठी येत नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, पण मराठीचा पेपर अजून नाही. शनिवार-रविवारच्या शाळेत मुलं मराठी शिकतात ती निव्वळ आजी-आजोबांसाठी.

इथे एक कळीचा मुद्दा. इयर १० किंवा ११ च्या मधे येणं शक्य असेल तर टाळा. जीसीएसई घेणारी मंडळं अनेक आहेत, एक्यूए, एडेक्सेल, ओसीआर. प्रत्येक शाळा विषयवार वेगळं मंडळ निवडते. मधेच आलेल्या मुलाला इंग्रजी साहित्यात वर्षभराची पुस्तकं चुकलेली असतात, हव्या त्या विषयांचे वर्गही भरलेले असतात. गणितात आपली मुलं तरतात. साहित्यात मात्र 'लेखकाने हाच शब्द का वापरला' यावर पानभर लिहायचं असतं, पाठांतर कामी येत नाही. त्यापेक्षा नववीआधी या, किंवा दहावी पूर्ण करून थेट इयर १२ ला.

सोळानंतर

इंग्लंडमध्ये १८ पर्यंत काहीतरी शिक्षण किंवा प्रशिक्षण घ्यावंच लागतं, पण ते शाळेतच हवं असं नाही. ए-लेव्हलला फक्त तीन विषय, फार तर चार. टी-लेव्हल २०२० पासून आलं, त्यात एकाच व्यवसायाचं शिक्षण आणि कंपनीत किमान ३१५ तास काम असतं. बीटेक (BTEC, आपली इंजिनिअरिंगची पदवी नव्हे, शाळेच्या पातळीवरचा व्यावसायिक अभ्यासक्रम) आहे, अप्रेंटिसशिप आहे. डिग्री अप्रेंटिसशिपमध्ये तर पगार घेत पदवी मिळते आणि फी मालक भरतो. "म्हणजे आयटीआय ना?" असं नाक मुरडू नका, तिथली चुरस मोठ्या विद्यापीठांइतकीच आहे.

तीनच विषय म्हणजे सोळाव्या वर्षी दारं बंद होतात. इंजिनिअरिंगला गणित आणि बहुतेकदा फिजिक्स, मेडिसिनला केमिस्ट्री आणि सहसा बायॉलॉजी, नावाजलेल्या ठिकाणी इकॉनॉमिक्सला गणित. म्हणून आधी विद्यापीठाच्या साइटवर अटी वाचा, मग विषय ठरवा. दहावी करून येणाऱ्यांनी गुणपत्रिका सोबत आणा. समकक्षतेचं प्रमाणपत्र यूके एनिक देतं, ते मागतात का हे आधीच विचारा. अकरावी करून आलेल्या मुलाला बहुतेकदा इयर १२ पासूनच सुरुवात करावी लागते. वर्ष 'वाया' गेल्याचं फार मनावर घेऊ नका.

विद्यापीठ, आणि खरी महागडी तारीख

सगळे अर्ज 'यूकास' या विद्यापीठ-प्रवेशाच्या सामायिक संस्थेमार्फत. पाच पर्याय. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिसिनसाठी शेवटची तारीख १५ ऑक्टोबर, बाकीच्यांसाठी जानेवारीच्या मध्यावर. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही, आणि मेडिसिनला पाचपैकी चारच पर्याय. अर्ज जातो तेव्हा ए-लेव्हल झालेली नसते. शिक्षक अंदाजे श्रेणी देतात आणि त्यावर विद्यापीठ 'ए-ए-बी आणलंस तर जागा तुझी' अशी अट घालतं. अंदाज ठरतो तो इयर १२ च्या शेवटच्या परीक्षेवर, तेव्हा ती शाळेतली परीक्षा किरकोळ समजू नका. ऑगस्टच्या मध्यावर एका गुरुवारी निकाल लागतो. अट हुकली तर 'क्लिअरिंग'मधून रिकाम्या जागा मिळतात.

आता माझी चुकलेली दुसरी तारीख. २०२५-२६ ला इंग्लंडमध्ये 'होम' विद्यार्थ्याला वर्षाला जास्तीत जास्त ९,५३५ पौंड फी होती. परदेशी विद्यार्थ्याला विज्ञान-इंजिनिअरिंगसाठी नावाजलेल्या ठिकाणी ३० हजारांच्या वर. तुमचा मुलगा इथे रिसेप्शनपासून शिकला, इथल्याच उच्चारात बोलतो, तुम्ही इथे टॅक्स भरता, तरी तो वर्क व्हिसाच्या डिपेंडंटवर असेल तर साधारणपणे परदेशीच धरला जातो. होम फीसाठी मुलाकडे स्वतःचा 'इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन' (इथे कायम राहण्याचा परवाना) किंवा नागरिकत्व हवं, आणि त्याआधीची तीन वर्षं इथे वास्तव्य हवं. सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमासाठी हे १ सप्टेंबरला हातात असावं लागतं. आमचा या परवान्याचा अर्ज आत होता, निकाल सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आला. लेकीने प्रवेश पुढे ढकलला आणि ते वर्ष एका दुकानात काम केलं. बरीच वर्षं इथे राहिलेल्या मुलांसाठी वेगळी सवलत आहे: अठराच्या आत असेल तर सात वर्षं, त्यानंतर निम्मं आयुष्य. तीही तपासा. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून मूल इयर ९ मध्ये गेलं की वकिलाला एकदा विचारा, इयर १३ मध्ये नको.

होम ठरला तर फीसाठी सरकारी कर्ज मिळतं. पदवीनंतर वर्षाला २५ हजार पौंडांच्या वर जी कमाई होईल तिच्या ९ टक्के पगारातून कापले जातात आणि ४० वर्षांनी उरलेलं माफ होतं. कर्ज म्हटलं की आपल्या छातीत धस्स होतं, पण हा प्रकार गृहकर्जापेक्षा जादा कराच्या जास्त जवळचा आहे.

पदवी तीन वर्षांची, मधे एक वर्ष नोकरीचं घेतलं तर चार. पहिल्या वर्षाचे गुण बहुतेक ठिकाणी अंतिम श्रेणीत धरत नाहीत. ७० टक्क्यांच्या वर 'फर्स्ट', ६० ते ६९ 'टू-वन', आणि बहुतेक चांगल्या नोकऱ्यांना टू-वन पुरतं. हे मात्र पुण्यात आधी सांगून ठेवा. माझ्या लेकीला ६८ मिळाले आणि आम्ही इथे केक कापत असताना आत्याचा फोन आला, "अगं, काही हरकत नाही. पुढच्या वेळी करेल जोर."